सत्तावन्न पंच्याहत्तर

“काका, मोबाइल टोपलीत.”

“टाकतो गं. आधी आत कोण कोण आहे ते तरी बघू दे.”

खासनीस काका दारातच थांबले आणि खुर्च्यांवरून नजर फिरवत गेले. आत नेहमीचीच मंडळी होती. हायस्कुलात तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले मुजावर सर पहिल्या रांगेत बसून सुपारी कातरत होते. मागे आणखी तिघं-चौघं. अनोळखी कुणीच नव्हतं. तेव्हा कुठे काकांनी खिशातून मोबाइल काढला, बंद केला, बंद झाल्याची दोनदा खात्री केली आणि माझ्या टेबलावरच्या वेताच्या टोपलीत ठेवला. मग वाकून हळूच म्हणाले, “वैजू, बंद असला तरी ऐकतात म्हणे.”

“कोण?”

“कोण काय विचारतीस? बँका.”

हसू नका. दोन हजार तेराच्या त्या जुलैत आमच्या खोलीत बसणारं कुणीही हसलं नसतं. मी स्वतः त्या टोपलीवर वर्तमानपत्र झाकून ठेवलं होतं.

सांगलीत विश्रामबागेत एका चष्म्याच्या दुकानावर धनंजय शिरोळेंचं ऑफिस होतं. सगळे त्यांना धनूदादा म्हणत. तिथे डॉलरचे सौदे चालायचे. भिंतीवर मोठा टीव्ही, त्यावर डॉलरचा भाव सतत हलत असायचा. समोर बारा खुर्च्या, कोपऱ्यात दादांची केबिन, तिच्या काचेला आतून पडदा. मी दारापाशी टेबल टाकून बसायचे. पगार सहा हजार. बँकेच्या क्लार्कच्या परीक्षेत तीनदा आपटल्यावर घरी आईचं तोंड बघवेना, म्हणून मिळेल ती नोकरी धरली होती. काम सोपं होतं. माणसांनी चिठ्ठीवर आकडा लिहून द्यायचा, मी ती चिठ्ठी केबिनच्या फटीतून आत सरकवायची, दादांनी आतल्या कॉम्प्युटरवरून सौदा टाकायचा.

मोबाइल टोपलीत ठेवायचा नियम दादांचाच. ते अधूनमधून केबिनबाहेर येऊन खुर्चीच्या हातावर टेकायचे आणि आम्हा सगळ्यांना जगाची रीत समजावून सांगायचे.

“हे बघा सर, लंडन, सिंगापूर, तिथं बसलेत मोठ्या बँकांचे लोक. त्यांच्याकडं कोट्यवधी डॉलर. त्यांना तुमचे-आमचे स्टॉप दिसतात. एक धक्का देऊन रेट खाली आणायचा, तुमचं घ्यायचं आणि परत वर न्यायचा. मोबाइलवर जो रेट दिसतो तो बी त्यांनी दाखवायला ठेवलेला. खरा रेट आपल्या ह्या पडद्यावर.”

“मग त्यांच्यापुढं आपला काय टिकाव लागणार, दादा?” मुजावर सर विचारायचे.

“लागतो की. डोकं शांत ठेवायचं. मी आहे न्हवं?”

मी आहे न्हवं, हे दादा इतक्या मायेनं म्हणायचे की माणसांचे खांदे सैल पडायचे. कुणाला बरं नसलं तर स्वतःच्या गाडीतून घरी सोडायचे. माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा डबा पाठवला होता. देवमाणूस, असं मी स्वतः चारचौघांत म्हटलेलं आहे.

स्टॉप म्हणजे काय, ते सांगते. तुम्ही डॉलर घेतलात एकोणसाठ चाळीसला, म्हणजे एकोणसाठ रुपये चाळीस पैशांना. भाव वर गेला तर फायदा. खाली गेला तर किती खाली जाईपर्यंत कळ काढायची, तो आकडा तुम्ही आधीच लिहून द्यायचा. भाव त्या आकड्याला शिवला की सौदा तिथेच मोडतो आणि नुकसान तेवढ्यावर थांबतं. शहाण्या माणसांनी घ्यायची काळजी.

आणि खासनीस काका शहाणेच होते. पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेले, जुगार कशाशी खातात हे ठाऊक नसलेले. त्यांची मुग्धा अमेरिकेत शिकत होती. दुसऱ्या वर्षाची फी पंधरा हजार डॉलर, पंधरा ऑगस्टच्या आत भरायची. काकांनी आठ लाख बाजूला काढले होते, पण रुपया घसरत होता आणि फी रोज महाग होत होती. डॉलर चढणारच, तर डॉलर घेऊन ठेवावेत, म्हणजे तिकडे वाढेल ते इकडे भरून निघेल, एवढं सरळ गणित होतं त्यांचं. गणित बरोबरही होतं. डॉलर चढतच होता.

फक्त दर वेळी चढायच्या आधी तो एकदा खाली यायचा. काकांच्या आकड्याला शिवायचा, त्यांचा सौदा मोडायचा आणि मग वर निघून जायचा. असं सहा वेळा झालं. सहाव्या वेळी आठातले चार लाख गेले होते.

पहिल्या तीन वेळी काका चिडले. चौथ्या वेळी गप्प बसले. पाचव्या वेळेपासून घाबरले, आणि त्यांची भीती बघून मलाही भीती वाटायला लागली. बसायच्या आधी ते खुर्चीखाली वाकून बघायचे. आपल्या गल्लीत दोन दिवस एक निळी स्कूटर उभी असते म्हणाले. क्रेडिट कार्ड हवं का, म्हणून कुठल्या तरी बँकेचा फोन आला, तर त्यांनी घरचा फोनच काढून टाकला. मुग्धाच्या आईनं, निर्मलाकाकूंनी, मला रस्त्यात गाठून विचारलं, “अगं, हे रात्री जेवतानासुद्धा कुजबुजत बोलतात. तिथे चाललंय तरी काय?”

मी म्हटलं, “बाजार वाईट आहे, काकू.”

सहाव्या वेळी काकांनी परीक्षा घेतली होती. मुजावर सरांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाले, “माझा स्टॉप अठ्ठावन्न नव्वद.” आणि मला दिलेल्या चिठ्ठीवर, हाताचा आडोसा करून, लिहिलं अठ्ठावन्न बासष्ट. दुपारी भाव घसरला. अठ्ठावन्न नव्वद ओलांडून खाली आला, अठ्ठावन्न एकसष्टला टेकला आणि उलटा फिरला.

काका उठून माझ्या टेबलापाशी आले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

“हा आकडा खोलीत कुणालाही माहीत नव्हता, वैजू. तुला आणि मला. बस.”

“आणि दादांना.”

“धनू घरचा आहे गं.” त्यांनी बोट वर, छताकडे केलं. “ते कॉम्प्युटरमधून बघतात. आपण आकडा टाकला की तिकडे दिसतो. मी एकटाच त्यांच्या डोळ्यांवर आलोय.”

मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं. इतकी मोठी बँक आमच्या सांगलीच्या काकांमागे कशाला लागेल, हा साधा प्रश्न मला पडला नाही. भीती वाटत असली की माणूस असले प्रश्न विचारत नाही.

मग तो शुक्रवार आला. काका सकाळी साडेदहालाच आले. सदरा इस्त्रीचा, पण दाढी केलेली नव्हती. त्यांनी दोन लाख डॉलरचा सौदा केला, एकोणसाठ चाळीसला. एवढा मोठा त्यांनी आजवर केला नव्हता; सौद्याची सगळी रक्कम लागायची नाही, दादांकडे भरून ठेवलेल्या अनामतीवर तो व्हायचा.

“काका, एवढा कशाला?” मी न राहवून विचारलं.

“गेलेलं एकदम भरून काढायचं आणि उठायचं. परत पायरी चढायची नाही.” मग चष्मा पुसत म्हणाले, “काल मुग्धाचा फोन आला होता शेजाऱ्यांकडे. म्हणते, बाबा, जमत नसेल तर मी परत येते, मला काही वाटणार नाही. रडत नव्हती गं. ती रडली असती तर बरं झालं असतं.”

त्यांनी चिठ्ठी लिहिली. एकोणसाठ दहा. चारदा घडी घालून माझ्या मुठीत दिली आणि वर स्वतःचा हात ठेवला.

“फक्त तुला.”

केबिनपर्यंत दहा पावलं होती. पाचव्या पावलाला मी पाणी प्यायला म्हणून मोरीकडे वळले. माझ्या डोक्यात एक विचार आला होता आणि तो मला फार शहाणपणाचा वाटत होता. काका दर वेळी तीस-चाळीस पैसे खालचा आकडा देतात. तेवढा खाली भाव आणणं बँकांना सहज जमतं. पण आकडा खूपच खाली ठेवला तर? एका दिवसात भाव पन्नास-साठ पैसे हलायचा, फार तर रुपया. त्याच्याही पलीकडचा आकडा दिला, तर बँकांचा हात तिथवर पोचणार नाही. सौदा मोडणार नाही, संध्याकाळपर्यंत डॉलर वर जाईल आणि मुग्धा तिथेच राहील. काकांना कळायचंही कारण नाही.

मी काकांची चिठ्ठी पर्समध्ये टाकली. मोरीच्या कठड्यावर कागद ठेवून दुसरी लिहिली. मनाला येईल तो आकडा लिहिला: सत्तावन्न पंच्याहत्तर. आपण कुणाचं तरी भलं करतोय, याचा आनंद झाला होता. चिठ्ठी आत सरकवली.

दोन वाजून दहा मिनिटांनी पडद्यावरचा भाव खाली यायला लागला. एकोणसाठ वीस. एकोणसाठ दहा. काका डोळे मिटून बसले, संपलं म्हणून. मी मात्र निर्धास्त होते. आता थांबेल आणि वर जाईल.

थांबला नाही. एकोणसाठ. अठ्ठावन्न साठ. मुजावर सर उभे राहिले. “अहो, हे काय! टाकला, टाकला बँकांनी!” मागे कुणाची तरी खुर्ची पडली. अठ्ठावन्न दहा. सत्तावन्न नव्वद. तिथे तो क्षणभर डगमगला, जिना उतरताना माणूस पुढची पायरी चाचपतो तसा, आणि मग उतरला.

सत्तावन्न पंच्याहत्तर.

आणि वर फिरला. पाच मिनिटांत एकोणसाठ पन्नास.

लोक ओरडत होते, मला काही ऐकू येत नव्हतं. तो आकडा काकांना माहीत नव्हता. मुजावर सरांना नव्हता. मोरीच्या कठड्यावर मी तो लिहिला त्याच्या आधी तो आकडा जगात कुठेच नव्हता. लंडनच्या कुठल्याही बँकेला तो कळायचा तर एकाच वाटेनं कळणार होता. मी केबिनच्या दाराकडे बघितलं. टेबलाला धरून मी खाली बसले.

दादा बाहेर आले, चेहरा पाडून. काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “काका, सत्तावन्न पंच्याहत्तरला निघाला. तीन लाख तीस हजार.”

“तीन लाख?” काका उभे राहिले. “धनू, माझा स्टॉप एकोणसाठ दहा होता! साठ हजार जायला हवे होते!”

दादांनी हातातली चिठ्ठी बघितली. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. माझं अक्षर ते ओळखत होते. मला वाटलं, आता हे बोलणार आणि मी मरणार. दादा हसले. अगदी बारीक, मला एकटीला दिसेल एवढंच.

“काका, एकोणसाठ दहाच होता. पण बँकांनी एवढ्या जोरात पाडला की मधे कुणी घेणाराच न्हवता. पार तळाला निघाला. डोळा ठेवलाय त्यांनी तुमच्यावर, मी म्हणत न्हवतो?”

काकांनी मान हलवली. त्यांना पटलं. त्यांनी टोपलीतून मोबाइल घेतला आणि कठड्याला धरून जिना उतरून गेले.

साडेपाचला सगळे गेल्यावर दादांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दीड वर्षात मी तिथे पहिल्यांदाच आत गेले. एक कॉम्प्युटर, त्याच्यापासून भिंतीतून बाहेरच्या टीव्हीला गेलेली वायर आणि उघडा ड्रॉवर. ड्रॉवरमध्ये मी आत सरकवलेल्या सगळ्या चिठ्ठ्या, रबर लावलेल्या गठ्ठ्यांत.

“ह्या सौद्यांचं... पुढे काय होतं, दादा?” मी विचारलं.

“पुढं कुठं? तुला काय वाटलं, लंडनला पाठवतो?” ते सहज, चहाचं विचारावं तसं बोलत होते. “सौदा ह्या खोलीबाहेर जातच न्हाई. काका घेतात, मीच देतो. ते हरले की मी जिंकतो. पडद्यावर मी म्हणेन तो रेट. मोबाइल म्हणून तर टोपलीत. बँकांना खासनीस कोण हे ठाऊक बी न्हाई.”

मी भिंतीला टेकले.

“पण तू आज कमाल केलीस. मी साठ हजारात भागवणार होतो. तू तीन लाख केलंस.” त्यांनी माझी चिठ्ठी माझ्यासमोर धरली आणि खिशात घातली. “ही राहू दे माझ्याकडं. कधी पोलीस आले तर आधी अक्षर बघतील. काकांपुढं मी तुला सांभाळून घेतलं न्हवं? तूबी मला सांभाळ. आईचं दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन राहिलंय तुझ्या.”

आणि एक पाकीट पुढे केलं. मी ते घेतलं. का घेतलं, हे मी स्वतःला इतक्या वर्षांत खूपदा विचारलंय. दार त्यांच्या मागे होतं आणि ते बाजूला होत नव्हते, एवढंच उत्तर आहे. रस्त्यावर येऊन उघडलं. पाच हजार होते.

पुढे बरंच काही झालं. ऑगस्ट संपेपर्यंत डॉलर अडुसष्टावर गेला, म्हणजे काकांचा अंदाज शंभर टक्के खरा होता. दिवाळीच्या आत दादा ऑफिसला कुलूप लावून सगळ्यांचे पैसे घेऊन पसार झाले. आणखी वर्ष-दोन वर्षांनी परदेशातल्या बड्या बँकांना चलनाचे भाव संगनमतानं हलवल्याबद्दल खरोखरच मोठे दंड झाले. ती बातमी मी दोनदा वाचली. म्हणजे काका जे म्हणत होते, ते जगात कुठे तरी चाललेलंच होतं. आमच्या खोलीत मात्र नव्हतं.

पण शनिवारी सकाळी मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मला एवढंच कळत होतं की काकांचे सत्तर हजार अजून दादांकडे आहेत आणि सोमवारी काका ते भरून काढायला पुन्हा येणार. रात्रभर दाराशी जरा आवाज झाला की मी दचकून उठत होते. सकाळी आईला देवळात जाते म्हणून सांगितलं आणि काकांच्या घरी गेले.

काकांनी दार अर्धवट उघडलं. निर्मलाकाकू मागे उभ्या होत्या. मी उंबऱ्याबाहेरूनच बोलायला लागले, कारण आत गेले असते तर धीर सुटला असता.

“काका, सोमवारी येऊ नका. बँका नाहीत. कुणी बँक नाही. दादाच आहेत. टीव्हीवरचा भाव दादाच हलवतात.”

“काय बोलतीस? धनू? परवा ताप आला तर मला घरी सोडलं त्यानं.”

“माझ्याकडे पुरावा आहे.” मी पर्स उघडली आणि घडी घातलेली चिठ्ठी त्यांच्या हातात दिली.

काकांनी घडी उलगडली. “हे माझं अक्षर.”

“हो. ही मी आत दिलीच नाही, काका. दुसरी लिहिली. सत्तावन्न पंच्याहत्तर. मला वाटलं, इतक्या खाली ते येणार नाहीत, तुमचा सौदा वाचेल. तो आकडा फक्त माझा होता, आणि पडद्यावर बरोब्बर तोच आला. बँकेला कसा कळेल तो? कळेलच कसा?”

मी धापा टाकत होते. मला वाटत होतं, हे ऐकल्यावर कुणालाही लख्ख कळेल. काका चिठ्ठीकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघायला लागले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. रागाची मी तयारी करून गेले होते.

“ही चिठ्ठी आत गेलीच नाही,” ते सावकाश म्हणाले. “तू लिहिलास तो आकडा. आणि त्यांना कळला.”

“त्यांना नाही, काका. दादांना.”

“निर्मला, तू आत हो.” त्यांनी हात मागे नेऊन काकूंना आत ढकललं. स्वतःही एक पाऊल मागे सरकले. आणि कुजबुजत, शेजारी कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात विचारलं, “बँकेनं किती दिले गं तुला?”

“काका!”

“सांग की. मी पोलिसांत जात नाही. मुग्धाचा पत्ता दिलास का त्यांना? तेवढं फक्त सांग.”

पर्स उघडीच होती. दादांचं पाकीट वरच होतं, ते काकांना द्यायचं म्हणूनच मी आणलं होतं. माझा हात आपसूक त्याच्यावर गेला, झाकायला. काकांनी तो हात बघितला. पाकीट बघितलं.

“मुग्धाला काही करू नका,” ते म्हणाले. हात जोडले होते त्यांनी. सव्वीस वर्षांच्या माझ्यासमोर.

मी एक पाऊल पुढे टाकलं, त्यांचे हात खाली करायला. ते दचकून मागे झाले आणि दार लावलं. खालची कडी लागली. मग वरची. मग खिडक्या एकेक करून बंद झाल्याचे आवाज आले, आणि आत काकू विचारत होत्या, “अहो, पण कोण आहे ती? आपली वैजूच ना?”

काकांनी काय उत्तर दिलं, ते मला बाहेर ऐकू आलं नाही.